आभासी नाण्याच्या चौक्या

आपल्या भागातील वडीलधाऱ्या मंडळींना एकाच बाजारात दोन नाणी चालण्याचा अनुभव होता. निजामाच्या राज्यातला हाली सिक्का हा एक रुपया आणि इंग्रजी अमलातला कलदार हा दुसरा. १०० कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, असा सरकारी भाव होता. म्हणजे ६ कलदार आणि ७ हाली यांची बरोबरी. अहमदपूर तेव्हा बीदर जिल्ह्यात होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते उस्मानाबादेकडे आले, आणि लातूर जिल्हा पुढे १९८२ साली झाला. हाली सिक्का १९५९ साली कायमचा बाद झाला, तोपर्यंत देणेघेणे करणाऱ्याला ‘हे रुपये कोणते?’ असे आधी विचारून घ्यावे लागे. त्या काळच्या माणसाला म्हणून एक गोष्ट शिकवावी लागत नसे : नाणे ही धातूची चकती नव्हे, तिच्यामागे कोणीतरी उभे असते. हालीच्या मागे निजामाचा खजिना, कलदाराच्या मागे इंग्रजांचा.

आज ज्या नाण्यांविषयी बोलावयाचे आहे त्यांच्यामागे कोणतेही सरकार नाही, खजिना नाही, टांकसाळही नाही. मग आहे काय? एक वही आहे. ती वही सांभाळणाऱ्या यंत्रांना काही नाण्यांच्या व्यवहारात ‘मास्टरनोड’ म्हणतात. एकाच सर्व्हरवर अशी चारपाच यंत्रे बसवून त्यांचे उत्पन्न खाता येते, असे आपल्याकडील तरुण मुले एकमेकांना सांगतात. आणि त्यांच्या वडिलांकडे ‘अमुक रक्कम द्या, आम्ही तुमच्यासाठी चालवितो’ असे सांगणारे पाहुणेही येतात. मुलांचे कुतूहल आणि पाहुण्यांचे आमंत्रण या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. त्यांतला फरक कळावयाचा तर हे यंत्र कसे बसवितात व कसे चालते, हे थोडे खोलात जाऊन पाहिले पाहिजे.

प्रथम वही. बाजार समितीच्या आवारात सोयाबीनचे पोते उतरते, वजन होते, सौदा ठरतो, अडत्या आपल्या वहीत टिपतो आणि शेतकऱ्याला पट्टी देतो. वही अडत्याची, तिच्यावर विश्वास ठेवावयाचा तो त्याच्या पेढीमुळे आणि समितीने दिलेल्या परवान्यामुळे. आता अशी कल्पना करा की आवारातील प्रत्येक अडत्याकडे एकच वही आहे. कोठेही सौदा झाला की तो मोठ्याने वाचला जातो आणि सगळे जण आपापल्या वहीत तो उतरवून घेतात. एकाने रात्री गुपचूप आकडा बदलला तर सकाळी उरलेल्या सगळ्यांच्या वह्या त्याच्या विरुद्ध साक्ष देतील. सातोशी नाकामोतो या टोपणनावाच्या व्यक्तीने (किंवा मंडळींनी, कारण ते आजही कोडेच आहे) ऑक्टोबर २००८ मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला आणि जानेवारी २००९ मध्ये ज्यातून बिटकॉइन निघाले, त्याचा गाभा हाच आहे.

पण येथे एक अडचण उभी राहते. एकच पोते एकाच क्षणी दोघांना विकले तर कोणती नोंद आधीची? सगळ्यांच्या वह्या सारख्या राहावयाच्या तर नोंदींचा क्रम कोणीतरी ठरविला पाहिजे. बिटकॉइनने हे काम शर्यतीवर सोपविले. अवघड गणिती कोडे जो संगणक आधी सोडवील त्याने पुढचे पान लिहावे आणि बक्षीस म्हणून नवी नाणी घ्यावीत. या कामाला ‘मायनिंग’, म्हणजे खाणकाम, असे नाव पडले. साधारण दहा मिनिटांना एक पान होते, आणि त्यासाठी वीज जाळावी लागते ती बेसुमार.

वही नुसती जवळ ठेवणाऱ्याला मात्र त्या व्यवस्थेत काहीच मिळत नाही. तो आपले इंटरनेट आणि आपली तबकडी खर्चून सर्वांची सेवा करतो, तीही फुकट. फुकटच्या सेवेवर कोणतीही संस्था फार दिवस चालत नाही, हे आपल्या गावच्या वाचनालयांनाही ठाऊक आहे. जानेवारी २०१४ मध्ये इव्हान डफिल्ड या अमेरिकन गृहस्थाने एक नवे नाणे काढले. त्याचे पहिले नाव एक्सकॉइन, नंतर डार्ककॉइन, आणि मार्च २०१५ पासून डॅश. त्यात वही सांभाळणाऱ्यांनाही वेतन देण्याची सोय केली गेली. प्रत्येक पानाच्या बक्षिसातले ४५ टक्के खाणकाम करणाऱ्याला, ४५ टक्के मास्टरनोडला आणि १० टक्के सामायिक निधीला, अशी ती वाटणी होती. पुढे ती बदलत गेली व मास्टरनोडचा वाटा वाढला. आम्ही या मास्टरनोडला येथे ‘चौकी’ म्हणणार आहोत, कारण तिचे काम चौकीचेच आहे : रात्रंदिवस जागे राहणे, येणाऱ्याजाणाऱ्याची नोंद करणे आणि हजेरीला उत्तर देणे.

चौकीला आणखीही कामे असतात. एखादा व्यवहार झाला की चौक्यांतील काहींचे पंचमंडळ बसते आणि दोनचार सेकंदांत ‘हे नाणे आता दुसरीकडे खर्च करता येणार नाही’ असा शिक्का मारते. २०१९ पासून लिहून झालेल्या पानावरही असाच शिक्का मारण्याची व्यवस्था डॅशमध्ये आली. शिवाय सामायिक निधीतून कोणत्या कामाला पैसा द्यावा यावर चौक्या मत देतात. चौकी एक, मत एक.

आता कोणीही विचारील की, मग एखाद्याने खोट्या हजार चौक्या उभारल्या तर? एका संगणकाला हजार नावे धारण करणे हे बोगस मतदारांची यादी करण्याइतकेच सोपे आहे, किंबहुना त्याहून सोपे. यावर उपाय म्हणून अनामत आली. डॅशच्या एका चौकीमागे १००० डॅश एकगठ्ठा दाखवावे लागतात. कोणाकडे जमा करावयाचे नाहीत, नुसते दाखवावयाचे. पण ते खर्च केले की त्याच क्षणी चौकी यादीतून उतरते. यंत्रे कितीही उभारा, मत आणि वेतन मोजले जाते ते अनामतीवर. म्हणूनच एका सर्व्हरवर चार चौक्या बसविणे ही लबाडी ठरत नाही. चारींच्या अनामती निराळ्या असतात.

ही अनामत किरकोळ नव्हे, हे आताच सांगून ठेवतो. डिसेंबर २०१७ मध्ये एका डॅशचा भाव दीड हजार डॉलरांच्या आसपास गेला होता. त्या हिशेबाने एका चौकीमागचा ऐवज तेव्हाच्या दहा कोटी रुपयांच्या घरात जात होता. वर्षभरात तोच भाव १०० डॉलरांच्याही खाली आला. चौकी त्या वर्षात एकदाही झोपली नसेल, वेतन नेमाने आले असेल. तरीही तिच्या मालकाच्या ऐवजातले नव्वद टक्क्यांहून अधिक मूल्य उडून गेले. वेतनाची टक्केवारी सांगणारे लोक ही बाजू सहसा सांगत नाहीत.

आता प्रत्यक्ष उभारणी. पहिला धडा असा की हे काम दोन जागी चालते आणि त्या दोन जागांची गल्लत कधीही होऊ द्यावयाची नाही. एक तिजोरी आणि एक चौकी. तिजोरी म्हणजे आपल्या घरचा संगणक, किंवा त्याहून बरे म्हणजे किल्ल्या आत बंद ठेवणारे लहानसे स्वतंत्र उपकरण. अनामतीची नाणी येथे. चौकी म्हणजे भाड्याचा सर्व्हर. तो मुंबईतल्या यंत्रशाळेत असेल नाहीतर जर्मनीतल्या. तेथे एकही नाणे ठेवावयाचे नाही. चोराने सर्व्हर फोडला तरी त्याला वहीची प्रत मिळेल, आणि ती तर जगजाहीरच आहे.

चौकी घरीच का नको, असे विचारणारे असतात. अहमदपुरात राहणाऱ्याला याचे उत्तर फार लांब शोधावे लागत नाही. भारनियमन आहे, पावसाळ्यात तुटणारी तार आहे. आणि घरगुती इंटरनेटला स्वतःचा कायमचा पत्ता बहुधा नसतो, एकाच पत्त्यामागे अनेक घरे बसविलेली असतात. चौकीला कायमचा पत्ता लागतो, कारण तो पत्ताच वहीत नोंदला जातो आणि इतर चौक्या त्याच पत्त्यावर येऊन हजेरी घेतात.

सर्व्हर भाड्याने घेतला की त्यावर लिनक्स ही प्रणाली असते. प्रथम कडीकुलपे. परवलीचा शब्द टंकून आत शिरण्याची वाट बंद करून किल्लीच्या फायलीनेच प्रवेश ठेवावा. चौकीच्या कामासाठी निराळा, कमी अधिकारांचा वापरकर्ता करावा. बाहेरच्या जगाला दोनच दारे उघडी असावीत, एक आपल्या प्रवेशाचे आणि एक चौकीचे. डॅशच्या बाबतीत चौकीच्या दाराचा क्रमांक ९९९९. मग नाण्याचा मूळ कार्यक्रम उतरवून घ्यावा आणि त्यावरची कर्त्याची सही पडताळावी. ही पडताळणी आळसाने टाळली जाते, आणि बनावट कार्यक्रम नेमके तेथेच घुसतात. नंतर कार्यक्रम चालू केला की तो पहिल्या पानापासून सारी वही उतरवून घेऊ लागतो. याला काही तास लागतात, क्वचित दिवसही. या वेळी घाई उपयोगाची नाही. वही पुरी झाल्याशिवाय पुढची कोणतीही पायरी लागू पडत नाही.

दरम्यान घरच्या तिजोरीत अनामत तयार करावी. ती अचूक १००० हवी आणि एकाच व्यवहारातून आलेली एकच ‘नोट’ हवी. ५०० च्या दोन चालत नाहीत. पाठवणावळ वरून द्यावी. ती आतून कापली गेली तर ९९९ आणि काही अंश उरतात, आणि ती अनामत ग्राह्य होत नाही. त्या व्यवहाराचा लांबलचक क्रमांक आणि त्यातील नोटेचा अनुक्रमांक टिपून ठेवावा. अनुक्रमांक बहुधा ० किंवा १ असतो. या मोजणीत पहिली नोट ० क्रमांकाची असते, हे नवख्याच्या ध्यानात राहत नाही.

त्यानंतर किल्ल्यांचा प्रश्न येतो, आणि येथे मांडणाऱ्यांची बुद्धी खरोखरच दिसते. २०१९ पासून डॅशच्या प्रत्येक चौकीला अनामतीखेरीज तीन किल्ल्या असतात. आपल्याकडच्या शेतीच्या भाषेत सांगावयाचे तर एक मालकाची, एक बटईदाराची आणि एक मुखत्याराची. मालकाची किल्ली घरी राहते. चौकीची मालकी तिने सिद्ध होते. बटईदाराची, म्हणजे चालकाची, किल्ली सर्व्हरवर ठेवतात. हजेरीला उत्तर तिने दिले जाते. मुखत्याराच्या किल्लीने फक्त मत देता येते. बटईदार निराळा असेल तर वेतनातला त्याचा हिस्सा किती टक्के, हेही नोंदणीच्या वेळीच वहीत लिहिता येते, म्हणजे मागाहून भांडण नको. सर्व्हर दुसऱ्याला चालवावयास देऊनही ऐवज मालकाच्या हातून सुटत नाही, हे या रचनेचे मर्म आहे. बटईदाराने फार तर शेत पडीक टाकावे. सातबारा त्याच्या नावावर होत नाही. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे तिचेच काम पडणार आहे.

हे सारे जमले की तिजोरीतून नोंदणीचा एक व्यवहार पाठवितात. त्यात अनामतीचा क्रमांक, चौकीचा पत्ता, तीनही किल्ल्यांच्या जाहीर खुणा आणि वेतन कोठे पाठवावे ते ठिकाण असते. व्यवहार वहीत चढला की चौकी उभी राहिली.

आता एकाच सर्व्हरवर अनेक. हे करण्याचे कारण काटकसरीचे आहे. चार यंत्रांचे भाडे भरण्यापेक्षा एक थोडे मोठे यंत्र स्वस्त पडते, आणि राखणदारी एकाच जागी होते. पण ‘चौघे भाऊ एका वाड्यात’ राहावयाचे तर प्रत्येकाची चूल वेगळी लागते, तसे येथेही आहे.

पहिले, प्रत्येक चौकीचा स्वतःचा साठा, म्हणजे वहीची प्रत, मांडणीची फाइल आणि नोंदी ठेवण्याचा स्वतंत्र कप्पा. दोन चौक्या एकाच कप्प्यात लिहू लागल्या तर दुसरी सुरूच होत नाही, कारण पहिलीने कप्प्याला कुलूप लावलेले असते. दुसरे, प्रत्येकीचा पत्ता वेगळा. डॅशच्या मुख्य जाळ्यावर दार ९९९९ च हवे, आणि एका पत्त्यावर दुसरी चौकी नोंदू गेल्यास नोंदणीच नाकारली जाते. म्हणून सर्व्हरला चार पत्ते जादा भाडे देऊन घ्यावे लागतात आणि प्रत्येक चौकीच्या मांडणीत ‘तू याच पत्त्यावर बस’ असे स्पष्ट लिहावे लागते. हे लिहिले नाही तर पहिली चौकी चारही पत्ते अडवून बसते, आणि दुसरी चालू करताना ‘दार व्यापलेले आहे’ असा संदेश येतो. अनेक जण येथे तासन्‌तास अडतात. काही लहान नाण्यांत मात्र नव्या धाटणीचे लांब पत्ते चालतात. ते एकेका सर्व्हरला हवे तितके मिळतात, त्यामुळे तेथे ही अडचण नाही.

तिसरे आतले दार. चौकीला हुकूम देण्यासाठी एक अंतर्गत दार असते. ते बाहेरून कधीच उघडे ठेवू नये, आणि चारींचे क्रमांक चार असावेत. चौथे, चालकाची किल्ली प्रत्येकीची निराळी. एकच किल्ली दोन चौक्यांना दिली तर वही ती स्वीकारीत नाही. पाचवे स्मृती आणि साठा. एका चौकीला चारेक गिगाबाइट स्मृती धरली तर चारींना सोळा. यात कंजूषी केली की ऐन गर्दीच्या वेळी प्रणाली एखादी चौकी आपण होऊन बंद करते, तेही न सांगता.

वहीची चार वेळा उतरवणूक करण्याची मात्र गरज नाही. पहिली चौकी पुरी झाली की ती थांबवावी, वहीचे कप्पे तेवढे दुसरीकडे नकलावेत आणि मग दोन्ही सुरू कराव्यात. चालू चौकीची नक्कल केली तर प्रत बिघडलेली निघते. मांडणीची फाइल आणि किल्ल्या नकलू नयेत, हे सांगावयास नको, तरी सांगतो. यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर चारही चौक्या आपोआप उठाव्यात म्हणून लिनक्सच्या सेवा-व्यवस्थेत प्रत्येकीची स्वतंत्र नोंद करावी. कार्यक्रमाची प्रत चारींना मिळून एकच ठेवली तर नवी आवृत्ती एकदाच बदलावी लागते. बदलल्यावर मात्र सगळ्या एकदम बंद करून चालू करू नयेत. एकेक उठवावी, नीट लागली ना ते पाहावे, मग पुढची.

हजेरी चुकली तर काय? डॅशमध्ये पंचमंडळाच्या कामाला गैरहजर राहणाऱ्या चौकीच्या नावावर दंडाचे गुण चढतात. हजर राहिली तर ते पानागणिक एकेक उतरतात. लागोपाठ गैरहजर राहिली तर चौकी बडतर्फ होते व वेतन थांबते. अनामत जप्त होत नाही. चौकी दुरुस्त करून अर्ज केला की ती पुन्हा रुजू होते, मात्र वेतनाच्या रांगेत शेवटी. इथेरियमचा कायदा याहून कडक आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये त्या नाण्याने खाणकाम सोडून अनामतीची पद्धत धरली, आणि तेथे ३२ इथर अडकवावे लागतात. सावधगिरी म्हणून एकच किल्ली दोन यंत्रांवर एकदम चालविली, आणि दोन्ही यंत्रांनी परस्परविरोधी सह्या केल्या, तर अनामतीचाच काही भाग कापला जातो. डॅशची सवय इथेरियमला लावणारा म्हणून हमखास फसतो.

एक शंका आम्हाला राहून राहून येते. वही हजार हातांत असावी म्हणून हा सारा खटाटोप. पण स्वस्त पडते म्हणून सगळ्यांनी मोजक्या चारदोन कंपन्यांचेच सर्व्हर भाड्याने घेतले, आणि प्रत्येकाने एका यंत्रावर चारपाच चौक्या कोंबल्या, तर कागदोपत्री हजार दिसणारी वही प्रत्यक्षात चारदोन गोदामांतच राहिली. एक यंत्र पडले की पाचही चौक्या एकदम गैरहजर होतात, हे तर प्रत्येक मालकाच्या पदरचे नुकसान. काटकसर आणि मूळ हेतू यांची येथे ओढाताण आहे, आणि ती मिटलेली नाही.

आता उत्पन्न. डॅशमध्ये साधारण अडीच मिनिटांना एक पान होते, आणि प्रत्येक पानाला एकाच चौकीला वेतन मिळते. समजा सारख्याच मानाच्या ४००० चौक्या आहेत. तर आपली पाळी ४००० पानांनी, म्हणजे सुमारे सात दिवसांनी येईल. चौक्या दुप्पट झाल्या की पाळी चौदा दिवसांवर जाते. हा पैसा कोठून येतो? बहुतांशी नव्याने निघालेल्या नाण्यांतून. येथे एक सोपे गणित करून पाहण्यासारखे आहे. एखाद्या नाण्याची १०० नगे आहेत आणि ती दहा जणांनी प्रत्येकी दहा याप्रमाणे चौक्यांत अडकविली आहेत. वर्षभरात १०० नवी नाणी निघून दहा जणांत सारखी वाटली गेली. प्रत्येकाकडे आता वीस नाणी झाली, ‘शंभर टक्के नफा’ झाला. पण एकूण नाणी २००, आणि प्रत्येकाचा वाटा पूर्वीइतकाच, दहावा. बाहेरून कोणी नवा घेणारा आला नाही तर नाण्याचा भाव निम्मा होईल आणि नफा कागदावरच राहील. २०१७ व २०१८ या काळात शेकडो लहान नाणी अशीच हजार-हजार टक्क्यांची जाहिरात करीत निघाली, आणि बरीचशी वर्षाच्या आत मातीमोल झाली. त्यांच्या चौक्या बसविणाऱ्यांचे कौशल्य खरे होते. चौकी ज्या पेठेला होती ती पेठच उठून गेली.

कर आणि कायदा थोडक्यात. आपल्या देशात ही नाणी चलन म्हणून मान्य नाहीत. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले. ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये रद्द केले. २०२२ पासून विक्रीच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि व्यवहाराच्या वेळी एक टक्का कपात लागू झाली. एकातला तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा होत नाही. सर्व्हरचे भाडे, विजेचे बिल असा खर्चही नफ्यातून वजा मिळत नाही, फक्त खरेदीची किंमत मिळते. म्हणून वेतन आले त्या दिवसाचा भाव प्रत्येक वेळी वहीत टिपावा आणि विवरणपत्र भरण्यापूर्वी सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा.

आता त्या पाहुण्यांकडे वळू. नांदेड आपल्यापासून दूर नाही, आणि गेनबिटकॉइन हे नाव तेथे चांगलेच माहीत आहे. २०१५ साली सुरू झालेल्या या योजनेत बिटकॉइन आणून द्यावयाचे. कंपनी त्यांतून खाणकाम करील आणि अठरा महिने दरमहा दहा टक्के बिटकॉइन परत देईल, असे वचन होते. एकाचे अठरा महिन्यांत एक पूर्णांक आठ दशांश. नवे गिऱ्हाईक आणणाऱ्याला वर दलाली. सुरुवातीला पैसे मिळालेही, आणि तीच जाहिरात झाली. २०१७ च्या सुमारास नवी माणसे आटू लागली, तेव्हा बिटकॉइनऐवजी कंपनीचेच ‘एमकॅप’ नावाचे, फारसे मोल नसलेले नाणे हाती देण्यात आले. मुख्य आरोपी अमित भारद्वाज याला एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये तो वारला. महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेर दाखल झालेले गुन्हे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या विभागाने देशभर साठांहून अधिक ठिकाणी झडत्या घेतल्या. त्या ठिकाणांच्या यादीत दिल्ली, पुणे, बंगळूर यांच्या जोडीला नांदेड आणि कोल्हापूरही होते. तपासाच्या पोटात आणखी एक प्रकरण निघाले : तपासाला मदत करण्यासाठी घेतलेल्या दोघा तांत्रिक जाणकारांनीच जप्त ऐवजातील नाणी वळविली, असा आरोप ठेवून पुणे पोलिसांनी त्यांना २०२२ साली अटक केली. किल्ली ज्याच्या हाती, नाणे त्याच्या हाती. मग तो हात कोणाचाही असो.

गेनबिटकॉइनचा व्यवहार खाणकामाच्या नावावर झाला, चौकीच्या नावावर नव्हे. पण बोलणे तेच, आणि उद्या तेच बोलणे चौकीच्या नावाने येऊ शकते. ‘एक चौकी तुम्हाला परवडणार नाही, शंभर जण मिळून घेऊ, तुमचा वाटा दहा हजारांचा.’ हे ऐकावयास सहकारी वाटते. आमचे म्हणणे एवढेच की वर सांगितलेली बटईची रचना आठवावी आणि पाहुण्याला सरळ चार प्रश्न विचारावेत. अनामतीची किल्ली कोणाजवळ राहणार? चौकीच्या नोंदणीचा क्रमांक काय? वेतन थेट आमच्या ठिकाणी येणार की तुमच्या, आणि मग तुम्ही वाटणार? परत किती मिळेल हे तुम्ही आधीच कसे सांगता, पाळी तर चौक्यांच्या संख्येवर अवलंबून आहे? खऱ्या चौकीवाल्याजवळ पहिल्या तिन्हींची उत्तरे असतात आणि चौथ्याला तो ‘सांगता येत नाही’ म्हणतो. नोंदणीचा क्रमांक मिळाला तर तो कोणालाही, अगदी मोबाइलवरसुद्धा, जाहीर वहीत पाहता येतो : चौकी जागी आहे की बडतर्फ, शेवटचे वेतन कधी आले, सारे तेथे दिसते. वही उघडी असण्याचा हा सर्वांत मोठा फायदा आहे, आणि फसलेल्यांपैकी फारच थोड्यांनी तो घेतलेला असतो.

नाणी नामांकित पेढीत ठेवली म्हणजे निश्चिंत, असेही नाही. मुंबईची वझीरएक्स ही या नाण्यांची देशातील मोठी पेढी. १८ जुलै २०२४ रोजी तिच्या तिजोरीतून सुमारे २३ कोटी डॉलरांची नाणी चोरीस गेली आणि ग्राहकांचा ऐवज वर्षाहून अधिक काळ अडकून पडला. तेथे कोणी ग्राहकाला दरमहा दहा टक्क्यांचे आमिष दाखविले नव्हते. फक्त किल्ली ग्राहकाजवळ नव्हती.

तथापि हे तंत्र म्हणजे नुसती पैशांची भानगड, असे मानणे उतावीळपणाचे होईल. वही उघडी ठेवून ती अनेकांनी सांभाळण्याची युक्ती नाण्याखेरीजही कामाला येते. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे २०२२ साली पासष्ट हजार जातीच्या दाखल्यांची नोंद अशा वहीत करण्याचे काम हाती घेण्यात आले, म्हणजे दाखला खरा की बनावट हे कोणालाही पडताळता यावे. ती वही पॉलिगॉनची. भारतीय तरुणांनी २०१७ साली ‘मॅटिक’ या नावाने सुरू केलेले हे जाळे. त्याच्याही मुळाशी अनामत ठेवून जागे राहणाऱ्या सुमारे शंभर चौक्याच आहेत. त्यांच्या सरावाच्या जाळ्याचे नाव २०२४ पर्यंत ‘मुंबई’ असे होते, हे मराठी माणसाला ऐकून बरे वाटेल.

सरावाचे जाळे हा शब्द आला म्हणून शिकू इच्छिणाऱ्या मुलांसाठी एक सूचना. डॅशचेही असे जाळे आहे. तेथील नाण्यांना काही किंमत नाही. ती मागितली की फुकट मिळतात, आणि हजारांची अनामतही त्यांतूनच भरता येते. दार मात्र ९९९९ ऐवजी १९९९९. महिन्याचे थोडेसे भाडे भरून एक लहान सर्व्हर घ्यावा, त्यावर एक चौकी बसवावी, मग दुसरी, आणि वर सांगितलेली ‘दार व्यापलेले आहे’ची अडचण स्वतः सोडवावी. नंतर मुद्दाम एक चौकी बंद करून ठेवावी आणि तिच्या नावावर दंडाचे गुण कसे चढतात, ती बडतर्फ झाल्यावर पुन्हा रुजू कशी होते, हे वहीत रोज पाहावे. यातून जो मुलगा किंवा मुलगी लिनक्स, जाळ्याचे पत्ते आणि किल्ल्यांची व्यवस्था शिकेल, तिला त्या कामासाठी पुण्यात आणि हैदराबादेत नोकरी देणाऱ्या कंपन्या आहेत, आणि तेथे पगार रुपयांत मिळतो.